आडात किती, पोहऱ्यात किती

मागच्या चैत्रात धाकट्या पोरानं घरामागं नवी न्हाणी बांधली आणि वर हजार लिटरची टाकी बसवली. नळ बसले, पाइप फिरले. आता आडावर मोटार कुठली घ्यायची एवढंच राहिलं. पोरगा तालुक्याच्या दुकानातून भाव काढून आला. म्हणाला, "आप्पा, दोन हॉर्सची घेऊया. अर्ध्या हॉर्समधी आन् दोन हॉर्समधी पैशाचा फार फरक न्हाई. घटकेत टाकी भरंल."

मी म्हटलं, "आधी आडाला इचारू."

त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण मी चेष्टा करत नव्हतो. आमच्या घरात पंप दोनदा चुकलाय. एकदा विहिरीवर आणि एकदा ह्याच आडावर. त्या दोन चुकांची किंमत काय पडली ते त्याला माहीत नव्हतं. एक त्याच्या जन्माच्या आधी घडलेली आणि दुसरी तो रांगत असतानाची. त्या रात्री त्याला जे सांगितलं, तेच इथं लिहितो.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं, येरळेच्या खोऱ्यातलं. इथं पाऊस कमी आणि खडक फार. वर हात-दोन हात माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. पाणी काय असेल ते मुरमात आणि पाषाणाच्या फटींत. काळा खडक स्वतः पाणी धरत नाही, नुसतं वाट देतो. म्हणून आमच्याकडं विहीर खणणारा जुना माणूस म्हणायचा, "खोली बगू नगा, पाझर बगा."

घरामागचा आड माझ्या आज्याच्या वडिलांनी खणलेला. सात परस खोल. परस म्हणजे माणसाच्या उंचीचं माप. फुटांत सांगायचं तर बेचाळीस फूट. रुंदी आठ फूट. वरचा भाग घडीव दगडानं बांधलेला, खाली उघडा खडक. आडावर लाकडी रहाट, रहाटावर दोर, दोराला पोहरा. पहाटे रहाटाची करकर सुरू झाली की आम्ही पोरं कूस बदलायचो. आई पाणी शेंदतेय, म्हणजे अजून झोपायला थोडा वेळ आहे, असा हिशोब.

घरात दहा माणसं, चार जनावरं. आई रोज चाळीस-पन्नास पोहरे काढायची. तिच्या तळहाताला दोराचे घट्टे पडले होते. पण ह्या कामात तिच्याकडं एक ज्ञान होतं, ते घरात दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. दोराला तिनं हाताहातावर गाठी मारल्या होत्या. पोहरा पाण्याला टेकला की ती गाठी मोजायची. संक्रांतीला सतरा हात, शिमग्याला वीस, वैशाखात तेवीस. कधी म्हणायची, "आज दोर दोन हात जास्त गेला, कपडे वड्याला धुवा." आडात किती आहे ते बघूनच पोहऱ्यात किती घ्यायचं, हे तिनं ठरवलेलं. तेव्हा आम्हाला त्यात ज्ञान आहे असं वाटलंच नाही.

शेतातल्या विहिरीवर मोट होती. आताच्या पोरांना मोट चित्रात दाखवावी लागते, म्हणून सांगतो. कातड्याची मोठी पिशवी, तिला खाली सोंड. वरच्या चाकावरून जाड नाडा, खालच्या कण्यावरून बारीक सोंदूर. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले की मोट वर यायची, सोंड थारोळ्यात सुटायची आणि पाणी पाटाला लागायचं. मग बैल मागं सरत वर यायचे. आमच्या मोटेत आठ-दहा घागरी पाणी मावायचं. तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, पहाटे चारला मोट धरायचे. ते गायचे आणि बैल त्या आवाजावर चालायचे.

मोटेचं कौतुक करायला मी बसलो नाही. त्या कष्टात बैल झिजायचे आणि माणूसही. पण एक गोष्ट होती. उन्हं वर आली की बैल दमायचे, मोट सुटायची. बैल वैरण खाऊन रवंथ करायचे, तोवर विहीर पुन्हा भरायची. बैलाचा दम आणि विहिरीचा पाझर ह्यांचं आपोआप जमलेलं होतं. ते कुणी ठरवलं नव्हतं. पुढं जी जी यंत्रं आली, त्यांना दम लागत नव्हता. विहिरीला मात्र लागत होता.

यंत्र आमच्या भागाला तसं परकं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा बेळगावचा कारखाना हलवायची वेळ आली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना कुंडलजवळ जागा दिली आणि 1910 साली तिथं माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ते औंध आमच्याच खटाव तालुक्यातलं. आधी लोखंडी नांगर, मग 1926 च्या सुमारास पाणी उपसायचा सेंट्रिफ्यूगल पंप. फिरणाऱ्या पात्यांनी पाणी बाहेर फेकणारा हा पंप तिथं तयार व्हायला लागला. 1946 साली पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. आमच्या आज्याच्या पिढीनं हे नुसतं ऐकलं. वडिलांच्या पिढीनं इंजिन घरी आणलं.

आमच्याकडं इंजिन आलं 1969 साली, सोसायटीचं कर्ज काढून. गाडीतून उतरवलं तेव्हा बायकांनी त्याला हळदीकुंकू लावलं. हँडल मारून चालू करायचं. हँडल उलटं आलं तर मनगट मोडायचं, म्हणून आम्हा पोरांना जवळ येऊ द्यायचे नाहीत. पट्टा चढला, पंप फिरला आणि पाच इंचांच्या पाइपातून जे पाणी पडलं ते बघायला अर्धं गाव आलं. तात्यांनी मोट काढून गोठ्यात टांगली. दोन वर्षं ऊस झाला.

मग 1972 चा दुष्काळ आला. मी बारा वर्षांचा होतो. खडी फोडायच्या कामावर आई जायची. सुकडी खाल्ली, रेशनचा लाल मिलो खाल्ला. विहिरीचं पाणी खाली खाली गेलं आणि एक दिवस इंजिन चालू असून पाणी येईना. पंपात पाणी भरलं, फुटबॉल काढून धुतला, शेणकाला ओतून पाइपाचे सांधे बुजवले. इंजिन ठणाठणा वाजायचं आणि पाइप कोरडाच. तात्या म्हणाले, "इंजनात जोर न्हाई. मोठं घ्याया पायजे हुतं."

जोराचा प्रश्नच नव्हता. हे मला चार वर्षांनी, दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात कळलं. वर बसवलेला पंप पाणी ओढत नाही. तो पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. तो दाब 76 सेंटिमीटर पारा तोलून धरतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पटीहून थोडा जास्त जड, म्हणजे पाणी झालं दहा मीटर, फार तर चौतीस फूट. त्याच्या वर जगातला कुठलाही पंप पाणी ओढू शकत नाही, मग तो पाच हॉर्सचा असो नाही तर पन्नास हॉर्सचा. इटलीतल्या पंपवाल्यांना चारशे वर्षांपूर्वी हाच अनुभव आला होता. त्यांचे पंप ठरावीक उंचीच्या वर पाणी नेईनात. गॅलिलिओनं ते लिहून ठेवलं आणि त्याचा शिष्य टॉरिसेली ह्यानं 1643 च्या सुमारास पाऱ्याची नळी उलटी करून कारण दाखवलं. आमचं गाव समुद्रापासून दोन हजार फुटांच्या वर, तिथं हवा पातळ, म्हणजे त्यातही दोन-अडीच फूट कमी. शिवाय पाइपातली घासण, सांध्यांतली गळती. हे सगळं वजा जाता वीस-बावीस फूट हातात राहतात. आमचं पाणी गेलं होतं अडतीस फुटांवर.

मेकॅनिकनं उपाय सांगितला, इंजिन खाली उतरवा. तेव्हा सगळेच उतरवत होते. विहिरीच्या पोटात ओटा कोरला, लाकडाचा घोडा उभा केला, वीस माणसांनी साखळ्या धरल्या आणि इंजिन पंचवीस फूट खाली गेलं. पाणी आलं. सगळ्यांनी गूळ खाल्ला. धुराला वरपर्यंत पाइप लावायचा होता. दुष्काळात पाइपाला पैसे कुठले? "पुढच्या बाजाराला आणू," असं ठरलं.

पुढचा बाजार यायच्या आधी एका संध्याकाळी तात्या इंजिन बंद करायला खाली उतरले ते वर आले नाहीत. हाक मारली तर ओ नाही. गल्लीतला एक गडी पायऱ्या उतरायला लागला आणि निम्म्यावर त्याचे पाय लटपटले. वरच्यांनी त्याला दोरानं ओढून काढला. तात्यांना काढायला तास गेला. त्यांच्या अंगावर एक ओरखडा नव्हता.

लोक म्हणाले, विहिरीतल्या आसरांनी धरलं. वर्षभर त्या विहिरीवर कुणी गेलं नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि विहिरीसारख्या बंद जागेत तो साचून राहतो, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. माझ्या चुलतीला मी ते कधी सांगितलं नाही. आसरांनी नेलं म्हणून ती दर अमावस्येला विहिरीवर नारळ ठेवायची. पंधरा रुपयांच्या पाइपानं नेलं, हे तिला सांगून काय मिळालं असतं?

त्याच दुष्काळात देवळापुढं बोअर मारायची गाडी आली. रात्रभर धडधड आणि पांढरी धूळ. पाणी लागलं दीडशे फुटांच्या पुढं, आणि त्यावर हापसा बसला. माझं डोकं तिथं चालेना. आठ हॉर्सच्या इंजिनाला तीस फुटांवरचं पाणी ओढत नाही आणि आमची आई हातानं दीडशे फुटांवरचं पाणी काढते, हे कसं?

उत्तर साधं आहे. हापशाचा दट्ट्या वर नसतो, खाली पाण्यात असतो. वरचा दांडा हलवला की लोखंडी सळईनं खालचा दट्ट्या हलतो आणि पाणी वर ढकललं जातं. ओढण्याला हवेची मर्यादा आहे, ढकलण्याला ती मर्यादा नाही. ढकलायला लागते ती फक्त ताकद. ह्या हापशाचा इतिहासही आपल्याच मुलखातला. बिडाचे परदेशी घडणीचे पंप गावच्या वापराला टिकत नव्हते, रोज शेकडो घागरी कुठून झेपणार? जालन्याच्या आणि सोलापूरच्या मिशनच्या लोकांनी पोलादाचे दणकट हापसे घडवले, आणि सोलापूरच्या घडणीवरूनच सत्तरच्या दशकात इंडिया मार्क दोन नावाचा हापसा तयार झाला. पुढं तो देशभर आणि आफ्रिकेपर्यंत गेला. तात्यांच्या इंजिनाचा पंप पाण्यात आणि इंजिन वर अशी सोय तेव्हा आम्हाला परवडली असती, तर? असो.

कोयनेची वीज 1962 साली सुरू झाली, पण आमच्या वस्तीवर तारा आल्या 1978 ला. विजेच्या मोटारीला धूर नाही, ह्या एका गोष्टीसाठी वडिलांनी दुसऱ्या दिवशी अर्ज केला. आता मोटार विहिरीत उतरवली तरी माणूस गुदमरत नव्हता. शॉक लागायची भीती होती, पण ती माहीत होती.

आता दुसरी चूक. ती माझी स्वतःची. 1992 साली आईचं वय झालं, शेंदणं होईना. मी आडावर मोटार बसवायचं ठरवलं. वीस फुटांवर भिंतीत लोखंडी अँगल ठोकले, वर दोन हॉर्सची मोनोब्लॉक बसवली. ओढायची खोली नीट मोजली होती. तात्यांच्या मरणातून तेवढं शिकलो होतो. पण आडाला पाणी किती वेगानं येतं, हे मोजलं नव्हतं. हॉर्स जास्त तेवढं बरं, असा माझाही समज.

मोटार धो धो चालली. मग पाणी एवढं येतंय तर परसात म्हशीला घास लावू, असं डोक्यात आलं. दहा गुंठे लसूणघास केला. वैशाखात रोज सकाळी चाळीस मिनिटं मोटार चालवायचो, आड तळाला लागला की बंद. संध्याकाळी पुन्हा.

शेजारी साठ फुटांवर काकूंचा आड. एकटी बाई, पोर ना बाळ जवळ, मुलगी लांब दिलेली. पंधरा दिवसांत त्यांच्या आडात पोहरा नुसता चिखल आणायला लागला. दोन्ही आडांचा पाझर एकच, हे जुन्या माणसांना माहीत होतं. मला ते आठवलं नाही, किंवा घास हिरवागार दिसत होता म्हणून आठवायचं नव्हतं.

आई मला काही बोलली नाही. मी मोटार चालू करायच्या आधी, पहाटे अंधारात, ती पोहऱ्यानं दोन घागरी काढायची आणि काकूंच्या दाराशी नेऊन ठेवायची. जिला शेंदणं होईना म्हणून मी मोटार बसवली, ती माझ्या मोटारीच्या पायी पुन्हा शेंदत होती. एका पहाटे रहाटाची करकर ऐकून मी उठून बघितलं तेव्हा कळलं. म्हटलं, "आई, हे काय?" म्हणाली, "तेवीस हातावर पाणी लागायचं. आता अठ्ठावीसाला भुई लागतीया. तू बग तुजं."

मोटार त्याच दिवशी बंद केली. घास वाळला. पण काकूंच्या आडाला त्या उन्हाळ्यात पाणी काही पुरतं आलं नाही. त्या मुलीकडं गेल्या, आणि पाऊस पडल्यावर परत आल्या. त्यांनी आम्हाला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

पुढच्याच वर्षी, 1993 ला, पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर खणायला बंदी घालणारा कायदा राज्यात झाला. 2009 च्या कायद्यानं साठ मीटरपेक्षा खोल बोअरलाही अटी घातल्या. कायदे चांगले आहेत. पण आमच्या गल्लीत आज किती बोअर आहेत आणि किती खोल आहेत, हे सगळ्यांना दिसतं. एकानं दोनशे मारली की दुसरा तीनशे मारतो. सबमर्सिबल पाण्यात बसून कितीही खोलीवरून ढकलते, त्यामुळं ओढण्याची ती जुनी मर्यादा संपली. आता आपल्याला थांबवणारं फक्त एकच उरलंय, ते म्हणजे खालचं पाणी संपणं.

हे सगळं ऐकून पोरगा गप्प बसला. मग म्हणाला, "मग आडाला कसं इचारायचं?"

आईचा दोर अजून आहे. ती जाऊन अकरा वर्षं झाली, पण दोर गोठ्यात खुंटीला असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आडात सोडला. तेवीस हातांच्या थोडा आत पाणी, म्हणजे चौतीस फूट. तळ बेचाळीसला. आठ फूट पाणी शिल्लक. आठ फूट रुंद आडात एक फूट पाणी म्हणजे चौदाशे लिटर, आठ फुटांचे झाले अकरा हजारांवर. मग भाड्याच्या मोटारीनं दोन फूट पाणी उपसलं, ते जनावरांच्या हौदात आणि झाडांना दिलं, आणि घड्याळ लावून बसलो. एक फूट परत भरायला दोन तास लागले. म्हणजे वैशाखात आड तासाला सातशे लिटर देतो, मिनिटाला बारा. दोन हॉर्सची मोटार मिनिटाला अडीचशे लिटरच्या वर उपसते. 1992 साली मी काय करत होतो, ते त्या आकड्यांत पोराला दिसलं. मलाही पहिल्यांदाच आकड्यांत दिसलं.

घराची गरज काढली. सहा माणसं, दोन म्हशी, एक गाय. दिवसाला हजार लिटर पुष्कळ. मग उंची. पाणी छत्तीस फुटांवर धरलं, टाकी जमिनीपासून अठरा फूट, पाइपातल्या घासणीचे सहा. साठ फूट झाले. दुकानदाराला एवढंच सांगायचं, साठ फुटांवर मिनिटाला किती लिटर देते ते दाखव. मोटारीच्या पट्टीवर जास्तीत जास्त उंची आणि जास्तीत जास्त पाणी असे दोन आकडे मोठ्या अक्षरांत असतात. ते दोन्ही एका वेळी कधीच मिळत नाहीत. उंची वाढली की पाणी कमी होतं. दुकानदारानं तक्ता काढला. अर्ध्या हॉर्सची, पाण्यात बसणारी उघड्या विहिरीची मोटार साठ फुटांवर मिनिटाला चाळीस लिटर देत होती. पंचवीस मिनिटांत टाकी. तीच घेतली.

बसवताना तळापासून तीन फूट वर टांगली, गाळ ओढू नये म्हणून. नायलॉनच्या दोरावर टांगली, वायरवर नाही. अर्थिंग केलं. पाणी तुटलं तर आपोआप बंद होणारा स्विच लावला. आडात कुणी उतरलं नाही, सगळं वरूनच सोडलं. ही एक गोष्ट मी कुणाचंही ऐकून बदलू दिली नाही. परसात घास लावायचा नाही, असंही ठरलं. आणि रहाट काढायचा नाही. वीज गेली की पोहरा आहे.

काकूंच्या घरात आता त्यांचा नातू राहतो. त्यानंही मागच्या वर्षी मोटार बसवली, एक हॉर्सची. त्याला मी बोलावून हे आकडे दाखवले. तो "बघू" म्हणाला. बघेल किंवा नाही बघणार. पाझर दोघांचा एकच आहे, तेवढं त्याच्या कानावर घातलं.

पहिल्यांदा टाकी भरली त्या दिवशी पोरानं मोटार बंद केली आणि मी न सांगता खुंटीवरचा दोर घेतला. आडात सोडला, गाठी मोजल्या.

"अर्धा हात खाली गेलंय, आप्पा."

दोन तासांनी त्यानं पुन्हा मोजल्या. पाणी जिथल्या तिथं आलं होतं.